नखं खाणं बंद

१ जानेवारी
नवं वर्ष, नवी नोकरी, नवी खोली. औषधांच्या दुकानापासून चालत सात मिनिटं. ऊन थेट पलंगावर येतं, नळाला गरम पाणी आहे, आणि घरमालकीण मावशी इतक्या लाघवी की बॅगा वर येईपर्यंत त्यांनी माझी सगळी हकीकत काढून घेतली. इथल्या भाडेकरूंनी वर्षाचा एक संकल्प सांगायचा. मावशी तो वहीत लिहितात आणि दर रविवारी जेवणानंतर आढावा घेतात. मी हसत सांगितलं, नखं खाणं सोडायचंय. लहानपणी आईने कडू औषध लावून पाहिलं, तर मी नखं औषधासकट खाल्ली. मावशींनी माझी दहाही बोटं भाजी निवडावी तशी एकेक करून पाहिली. म्हणाल्या, सुटेल, माझ्यावर सोड.

४ जानेवारी, रविवार
आढावा झाला. दोनदा चुकले, खरं ते सांगून टाकलं. शेजारच्या खोलीतल्या शिंपीकाकांनी गेल्या वर्षी गोड सोडलं. मावशी कौतुकाने म्हणाल्या, साखरेचा कण नाही खाल्ला. काका तोंडावर हात धरून हसले, तरी दिसलंच. एकही दात नाही. जेमतेम पन्नाशीचे असतील. सूप छान होतं, फक्त लसणाची सालं राहिली होती, दाताखाली कचकचत होती.

९ जानेवारी
चार दिवस नखाला तोंड लावलेलं नाही. तरी रोज उठल्यावर बोटांची टोकं ओली, सुरकुतलेली, आणि नखं कालच्यापेक्षा आखूड. शिळ्या तोंडाचा वास येतो त्यांना. झोपेत मीच खात असेन. साबणाने तीनदा धुतली, वास जात नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात बाटली देताना लाज वाटली.

११ जानेवारी, रविवार
आज सुपात एक साल गुलाबी निघालं. बोटावर घेऊन पाहिलं. नखाचा तुकडा, रंग लावलेला. मी नखांना रंग लावत नाही. पित्त पडेपर्यंत ओकले. मावशी पाठीवरून हात फिरवत होत्या. मग गळून झोपले.

जाग आली ती बोट गरम लागलं म्हणून. भर दुपार, सगळं लख्ख दिसत होतं. मावशी स्टुलावर बसलेल्या, मांडीवर वही, आणि माझं बोट त्यांच्या तोंडात. सावकाश कुरतडत होत्या. हात ओढला तशी लाळेची तार उशीपर्यंत आली. ओठ पुसत त्यांनी समजावलं, सवय नुसती सुटत नाही गं, कुणीतरी ती घ्यावी लागते.

१२ जानेवारी
बॅग भरली. दाराला बाहेरून कडी. शिंपीकाका पलीकडून बोबडं बोलले, माफ कर पोरी, तू गेलीस तर त्या माझा आढावा पुन्हा घेतील, आणि माझ्याकडे आता द्यायला —
मी खिडकीच्या गजांतून ओरडले. मावशी खाली लोकांना सांगत होत्या, पोरीला ताप चढलाय.

१४ जानेवारी
नखं संपली. खाली नुसतं ओलं मांस. तरी मावशी येतात. चोखत बसतात. ओकायलाही पोटात काही —

१८, रविवार
आढावा. पहिला संकल्प पूर्ण, अशी मावशींनी खूण केली. दुसरा विचारला. मग त्यांनी या रोजनिशीकडे पाहिलं. म्हणाल्या, सारखी लिहीत बसतेस, वाईट सवय. वहीत लिहून घेतलं.

१९
डाव्या हाताने लिहितेय. उजवा — नाही, बघवत नाही.
काका दाराबाहेर रडताहेत. कडी काढत नाहीत.
मावशी आत आल्या. स्टूल ओढलं. तोंड आधीच उघडं, दातांत अजून कालचं —