कुठं गेलं वर्ष?

सांगली,
१० नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास, लालाचा शि. सा. न. वि. वि.

दाजींच्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही म्हणून तू फोन ठेवून दिलास, आणि परत उचललाच नाहीस. म्हणून हे पत्र. खरं सांगतो अक्का, माझ्या डोक्यात अजून तीन-चार महिने बाकी होते. दाजी आत्ता आत्ता गेले असं वाटतं. हल्ली वर्ष लयच भरभर जातं बघ. कुपवाडला कारखान्यात शिरलो की सोमवार असतो, बाहेर येतो तर शनिवार.

याचं कारणही मला कळलंय. पाच वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा. मला छप्पन्नावं लागलंय, म्हणजे माझं वर्ष छप्पन्नावा हिस्सा. ते लहान वाटणारच. यात माझा काय दोष? राग सोडावास.

क्रांती बरी आहे. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा लाला

मेढा,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. लालासाहेब यास अनेक आशीर्वाद. ते रीतीपुरते आहेत.

अपूर्णांक तुला मीच शिकवले होते. ते असल्या कामाला वापरशील हे ठाऊक असतं, तर बेरजेवरच थांबले असते.

पस्तीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. शाळेचा पहिला दिवस पोरं घरी जाऊन दोन-दोन तास सांगतात. महिन्याभरानं त्यांनाच आज काय केलं विचारलं, की काही नाही म्हणतात. तू तसला आहेस. तुझं वर्ष लहान झालेलं नाही. तू त्यात नव्हतास.

माझं म्हणशील, तर मला अडुसष्टावं चालू आहे. तुझ्या हिशेबानं माझं वर्ष तुझ्याहून लहान हवं. पण या वर्षी मी पहिल्यांदा एकटीनं भात लावून घेतला. वारसनोंदीसाठी तहसील कचेरीत सात हेलपाटे घातले. गॅसची टाकी स्वतः जोडली. आणि भाजीत मीठ बेताचं आहे का, हे कुणाला न विचारता गॅस बंद करायला शिकले. हे वर्ष मला तीन वर्षांएवढं गेलं. तू मला भरभर म्हणून सांगतोस!

एक कर. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत काय काय झालं ते कागदावर लिही. थापा नकोत. एक पान भरलं तर मला कळव, मी स्वतः सांगलीला येऊन तुझी माफी मागेन.

माया मागून मिळत नसते, तरी आहे.

अक्का

सांगली,
४ डिसेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

लिहिलं. नऊ ओळी झाल्या. त्यातल्या पाच कारखान्याच्या: नवीन लेथ मशीन आलं, दोन माणसं सोडून गेली, असलं. कागद टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो. परत आलो तर खाली क्रांतीच्या अक्षरात दहावी ओळ होती. मार्चमध्ये माझं पिशवीचं ऑपरेशन झालं, एवढीच.

अक्का, मला ते गेल्या साली झालं असं वाटत होतं. देवाशपथ. मी तिला तसं म्हणालोसुद्धा, आणि तिथंच चुकलो. ती भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी बॅग भरून, वन्संकडं चाललेय म्हणाली आणि रिक्षात बसून स्टँडवर गेली.

सहा दिवस झाले, सहा महिने वाटतायत. घरात आलो की घड्याळ पुढं सरकत नाही. तूच आता तिला समजावून पाठव. पंधरा तारखेच्या रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो.

तुझ्याशिवाय मला रागावणारं कोण आहे? रागाव, पण पाठव.

लाला

मेढा,
१० डिसेंबर २०२४

श्री. लालासाहेब यांस, क्रांतीचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वन्संनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सहा दिवसांचे सहा महिने झाले, या वाक्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. उत्तर लिहायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. नऊ ओळींच्या माणसावर मी शाई घालवणार नाही, म्हणाल्या. म्हणून मी लिहितेय.

मिरजेला दवाखान्यात मी पाच दिवस होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, अर्धा तास उभे होतात, त्यातला बराच वेळ मोबाईल कानाला होता. जाताना डॉक्टरांना विचारलंत, अजून किती दिवस लागतील. मला काही विचारलं नाहीत.

शेजारच्या खाटेवर जतकडची हरणाबाई होती. तिचा नवरा बिरदेव मेंढरं भावाच्या हवाली करून आला होता आणि पाचही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. मी चालायला लागले तेव्हा त्याला विचारलं, दिवसभर नुसतं बसून कंटाळा येत नाही का? तर म्हणाला, कटाळा कशाचा वो वैनी, ती हाय की आत. त्याला त्या पाच दिवसांतलं सगळं ठाऊक होतं. ती कधी कण्हली, कधी पेज प्याली, कुठल्या कुशीवर झोपली. तुमच्या त्या छप्पन्नाव्या हिश्श्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या बाईचा तेव्हा हेवा वाटला.

आज सकाळी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. वन्संनी विचारलं, अगं, अजून दुखतं का गं खाली वाकताना? नऊ महिन्यांत मला हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी सांगायला लागले आणि सांगतच राहिले. शेंगा संपल्या, ऊन पायरीवरून अंगणाबाहेर गेलं, तरी माझं झालं नव्हतं.

रविवारी गाडी आणू नका. मी कधी येणार, हेही विचारू नका. विचारण्यासारखं दुसरं काही सुचलं, तर पत्र टाका.

जेवण वेळेवर करावं. कळावे,

क्रांती