दिवसा झोपणारी

३ मार्च २००८, टूनगॅबी

पोचले एकदाची. मिताली विमानतळावर आली होती. वाकून नमस्कार केला, दोन्ही बॅगा तिनेच उचलल्या. लेक परदेशात मास्टर्स करते, म्हटलं बघू तरी काय दिवे लावते. घर बघून कपाळाला हात लावला. मोरीत बुरशी, सिंकमध्ये तीन दिवसांची भांडी. इथल्या पोरांना इंग्रजी फाडफाड येतं, तवा घासता येत नाही. ही वही तिनेच दिली. म्हणाली, माझं डोकं खाण्यापेक्षा हिच्यात लिही. चौथी शिकलेय, लिहीन की.

५ मार्च

घरात नचिकेत म्हणून पुण्याचा एक आहे. कॉलेज नावापुरतं, टॅक्सी चालवतो. मला आंटी म्हणाला. म्हटलं, काकू म्हण, जीभ झडत नाही. तर म्हणे नो वरीज काकू.

मागच्या खोलीत अंथरूण एक आणि पोरी दोन. मिताली सांगत होती, चित्रलेखा म्हणून आहे, रात्रपाळी करून येते आणि दिवसभर झोपते. संध्याकाळी ती मागच्या दाराने कामाला गेली की तिथंच मिताली झोपते. इथं पुष्कळ पोरं असंच राहतात म्हणे. नियम एकच, झोपलेलीला उठवायचं नाही, पांघरुणाला हात लावायचा नाही. गुरांच्या गोठ्यातसुद्धा ज्याची त्याची दावण असते.

१० मार्च

अकरा वाजले तरी ती महाराणी लोळतेय. डोक्यावरून पांघरूण. दारातूनच सुनावलं, आईबापांनी झोपा काढायला पाठवलं काय, आमच्या म्हशी तुझ्याआधी उठतात. पांघरूण जरासं हाललं. लाज वाटली असेल. जेवायला ठेवलं नाही. झोपणारीला कसलं जेवण.

१३ मार्च

मिताली मात्र सुधारली. शेपूला नाक मुरडायची, काल पातेलं पुसून खाल्लं. रंग उजळलाय. लहानपणी विळीने बोट कापलं होतं, तो वणसुद्धा गेला. म्हणाली, इथली क्रीम भारी असते. कौतुक त्या क्रीमचं.

१७ मार्च

दुपारी आतून कण्हण्याचा आवाज. दारावर थाप मारून सांगितलं, ताप असेल तर डॉक्टरकडे जा, नाटकं नकोत. ती हळू काहीतरी म्हणाली. भाकरी तव्यावर होती, थांबले नाही.

१९ मार्च, सकाळ

नचिकेतला म्हटलं, तुमच्या चित्रलेखाला माणसासारखं वागायला सांग. तो खाता खाता थांबला. म्हणाला, काकू, ती जानेवारीतच तिकडे दूर डार्विन शहरात गेली, नोकरी लागली तिला. तेव्हापासून ते अंथरूण एकट्या मितालीचं.

मग आत कोण? मिताली तर नऊला माझ्यासमोर कॉलेजात गेली.

दार उघडलं. पांघरूण ओढलं.

दुपार

माझी मिताली आहे. नुसती हाडं. बोटावर वण आहे.

म्हणाली, आई, तुला घ्यायला यायचं होतं, उठताच आलं नाही. चित्रलेखा गेल्यावर एकदा दिवसा ह्या अंथरुणावर पडले, तेव्हापासून पाठ त्याला चिकटलीय, सुटत नाही. मी इथं पडून आहे तोवर ती दुसरीच कोणीतरी माझं तोंड घेऊन हिंडते. तू रोज दारात येऊन ओरडायचीस. मी हाक मारत होते.

मी उपाशी ठेवलं हिला. मी—

तीन वाजले असतील

नचिकेतने आणि मी मिळून ओढलं. सुटेना. मी शेजारी आडवी झाले तशी ती सुटली, मी अडकले. पोर रडत होती, तुला सोडून जात नाही म्हणत होती. म्हटलं, मूर्खासारखी बसू नकोस, चालायला लाग. नचिकेतला म्हटलं, उचल आणि हॉस्पिटलात ने, माझ्याकडे बघू नकोस.

गेले. गाडीचा आवाज ऐकला.

आता पाय हलत नाहीत. पाठ तर— हात तेवढा चालतोय.

पुढचं दार वाजलं. आली. हा मितालीचा आवाज नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटतेय, पसाऱ्याला नावं ठेवतेय. अगदी माझ्या—

नचिकेत, वही सापडली तर मितालीला सांग. मी फोन करीन. डबा घेऊन तिकडे येईन. पोरी, कितीही गोड बोलले तरी दार उघडू नकोस. ती मी न—