छत्तीस आकड्यांची कोरी पट्टी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला नकाशेकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. डाव्या डोळ्याने आता धड दिसत नाही, पण फोकस मी जन्मभर उजव्या डोळ्यानेच केला, त्यामुळे त्याचे मला फारसे दुःख नाही. नाव, पत्ता वगैरे वकीलबाईंनी पहिल्या पानावर टाईप करून दिले आहे. "बाकीचं एका पानात आटपा," असे त्या म्हणाल्या होत्या. ते जमलेले नाही.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात वाटणी बरोबर होती, पण आठवे कलम नव्हते.

कलम १. राहते घर माझ्या पत्नीच्या एकटीच्या मालकीचे राहील. "आई एवढ्या जागेत एकटी काय करणार" हे वाक्य माझा मुलगा दर सुट्टीत येऊन म्हणतो. त्याने ते म्हणणे आता बंद करावे. न्हाणीघराशेजारची लहान खोली मी डार्करूम म्हणून बळकावली होती आणि तिच्या खिडकीला काळा रंग फासला होता. पत्नी तीस वर्षे म्हणत होती, मला तिथे उन्हात बसायला आवडेल. तो रंग माझ्या पैशातून खरवडून घ्यावा. काचा बदलू नयेत, रंग निघतो, मी एका कोपऱ्यात नखाने पाहिले आहे.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नीच्या. तिच्यानंतर मुलाच्या. कागद कपाटात वरच्या खणात आहेत.

कलम ३. माझा फोटो काढण्याचा नाद सर्वांना माहीत आहे. सर्वांनी तो सोसलेला आहे. मुलाने आपल्या लग्नात मला न विचारता पेशाचे दोन फोटोग्राफर आणले, तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही आणि लग्नात स्वतःचा कॅमेरा घेऊन त्या दोघांच्या पुढे पुढे नाचलो. सुनेने अल्बम दाखवताना एकदा मोजले होते, बेचाळीस फोटोंत माझी पाठ आहे. ती हे हसून सांगते. मी कधी हसलो नाही. तिचे खरे होते आणि त्या दोघांचे फोटोही माझ्यापेक्षा चांगले होते. सुनेला माझ्या आईच्या दोन बांगड्या द्याव्यात.

कलम ४. दोन लेन्स, फिल्टर आणि सर्व पुस्तके आमच्या हौशी फोटोग्राफर मंडळाला. तिपाई देऊ नये. ती मंडळाच्या सेक्रेटरीने एकदा दोन दिवसांसाठी नेली, चार महिन्यांनी आणली आणि तिचा एक पाय तेव्हापासून आपोआप आत सरकतो. तो म्हणतो आधीपासून सरकत होता. नव्हता. तिपाई भंगारात गेली तरी चालेल, त्याला मिळू नये.

कलम ५. निगेटिव्हच्या फायली आणि अकरा अल्बम मुलाने सांभाळावेत. त्यात घरातले सगळे आहेत, मी नाही. कॅमेरा ज्याच्या हातात तो फोटोत नसतो, हे माझ्या पत्नीला लग्नानंतर वर्षभरातच खटकले होते. मला खटकायला फार वेळ लागला.

कलम ६. मी गेल्यावर भिंतीसाठी फोटो शोधत बसू नये. या कागदाला जो चिकटवला आहे तोच मोठा करून घ्यावा. तो कोणी काढला ते नवव्या कलमात येईल.

कलम ७. माझे कपडे ज्याला हवे त्याने न्यावेत.

कलम ८. हे कलम माझ्या पश्चात वकीलबाईंनी माझ्या पत्नीला मोठ्याने वाचून दाखवावे. समोर बसून सांगण्याची हिंमत मला सव्वीस वर्षांत झाली नाही. आता होईल असे वाटत नाही.

आमची धाकटी मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून काय ते सांगितले. त्या आठवड्यात पत्नीने मला न सांगता कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला घरी बोलावले. तिला एकच फोटो हवा होता, चौघांचा, मी धरून.

मी ऑफिसातून आलो तेव्हा सोफा भिंतीपासून ओढलेला होता, दोन दिवे उभे होते, मागे राखाडी पडदा लावलेला होता. मुलगा आवरून बसला होता, धाकटीची वेणी घातलेली होती. मेहुणा, म्हणजे पत्नीचा भाऊ, दिव्याची वायर धरून उभा होता.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"मीच बोलावलंय त्यांना," पत्नी म्हणाली. "तुम्ही शर्ट बदलून या."

"घरात फोटो काढणारा माणूस असताना बाहेरून माणूस आणायचा?"

"साहेब, तुम्ही नुसते बसा हो," स्टुडिओवाला म्हणाला. "पाच मिनिटांत सोडतो."

"बाबा, राहू दे ना," धाकटी म्हणाली. "आलेत ते, तर काढू दे."

मी त्याला सामान उचलायला लावले. पडद्याची घडी घालायला त्याला वेळ लागत होता, तेवढाही मला सहन होईना.

मग मी माझा कॅमेरा काढला आणि रागारागात फिल्म भरली. फिल्म भरल्यावर लिव्हर ओढायचा आणि डाव्या बाजूची गोल खुंटी फिरते का ते बघायचे. खुंटी फिरली तर फिल्म पुढे सरकते आहे, नाही फिरली तर ती दाताला अडकलेलीच नाही. हे मी मंडळात दर नव्या माणसाला शिकवत असे. न बघणाऱ्याला सर्वांसमोर झापत असे. त्या दिवशी मी बघितले नाही.

तासभर फोटो काढले. टायमर लावून मी धावत जाऊन धाकटीशेजारी बसत होतो आणि माझ्या धावण्याला ती हसत होती. तिच्या पाठीला तीन उशा होत्या. मेहुण्याला मी म्हणालो, "बघ, पेशावाल्याला जमेल का असं?" फिल्म छत्तीस फोटोंची. छत्तिसाव्यानंतर लिव्हर अडायला हवा होता. तो सदतिसाव्याला ओढला गेला. अडतिसाव्यालाही. तेव्हा मी खुंटीकडे पाहिले.

सगळे जागच्या जागी बसलेले होते. उजेड होता. दुसरा रोल कपाटात होता.

"बाबा, झालं का?" धाकटीने विचारले.

मी म्हणालो, "झालं. फार छान आलेत."

ती दमली आहे, उद्या गुपचूप परत काढू, असे मी मनाशी म्हणालो. खरे कारण ते नव्हते. एका माणसाला नुकतेच दारातून घालवले होते आणि मेहुणा समोर होता. दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला, दवाखान्यात हलवले, आणि अकराव्या दिवशी ती गेली.

तीन आठवड्यांनी पत्नीने फोटो मागितले. रंगीत फिल्म माझ्याकडे धुता येत नसे, म्हणून मी ती त्याच स्टुडिओवाल्याकडे नेली. माणूस किती वेडी आशा धरतो ते लिहून ठेवतो, मला वाटत होते शेवटचे एखादे तरी असेल. त्याने धुतलेली पट्टी काउंटरवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, फिल्म फिरलीच नव्हती. कोरी आहे."

घरी आलो तर पत्नी दारातच हात पुढे करून उभी होती. मी म्हणालो, "त्याने बिघडवली. धुताना मुद्दाम बिघडवली. त्या दिवसाचा राग काढला." मला कोणी काही विचारले नाही. फोटोतले घरात मलाच कळत होते ना.

मेहुण्याने त्याच संध्याकाळी जाऊन दुकानाची दर्शनी काच फोडली. रस्त्यावर माणसे जमली. मेलेल्या मुलीचे फोटो नासवणारा, असा स्टुडिओवाल्यावर शिक्का बसला. तो सर्वांसमोर मला एवढेच म्हणत होता, "साहेब, ती पट्टी आणा. मी दाखवतो यांना." मी म्हणालो, ती मी जाळून टाकली. त्यानंतर त्याच्याकडे कोणी मुलाबाळांचे फोटो काढून घेईना. दीड वर्षात त्याने दुकान सोडले.

पट्टी मी जाळलेली नाही. ती माझ्या कॅमेऱ्याच्या पेटीत, अस्तराखाली आहे. फिल्मच्या काठावर कंपनी आधीच आकडे उठवून ठेवते, ते धुतल्यावरच दिसू लागतात. धुण्यात घोळ झाला असता तर आकडेही असे आले नसते. या पट्टीवर एक ते छत्तीस सगळे आकडे ठळक आहेत. मध्ये काही नाही. तो हेच दाखवणार होता.

ही पट्टी मी पत्नीच्या नावे ठेवत आहे. तिला द्यायला माझ्याकडे दुसरे खरे काही नाही. मी तुझा अपराधी आहे. मुलीचा फोटो एकदा घालवला तो चुकून. बाकीचे सगळे मी जाणूनबुजून केले.

कलम ९. कॅमेरा स्टुडिओवाल्याला द्यावा. तो आता तहसील कचेरीच्या जिन्याखाली एका टेबलावर पासपोर्टचे फोटो काढतो. मृत्युपत्राला फोटो लागतो म्हणून मी मागच्या आठवड्यात मुद्दाम त्याच्याकडेच गेलो. त्याचे केस गेले आहेत. त्याने मला लगेच ओळखले. "हनुवटी थोडी खाली, साहेब," असे म्हणून फोटो काढला. मी माफीचे शब्द घोळवत होतो, तेवढ्यात तोच बोलला.

"त्या दिवशी तुम्ही यायच्या आधी मी उजेड बघायला एक फोटो काढला होता. वहिनी आणि मुलगी. मुलगी काहीतरी बोलून हसत होती. रोल संपेपर्यंत तो तसाच राहिला. धुतला तोवर काच फुटली होती. तरी प्रिंट घेऊन आलो होतो तुमच्याकडे. तुम्ही दार उघडलंत आणि मला बघून लावून घेतलंत."

मला ते आठवते. त्याच्या हातात पाकीट होते. मला वाटले पट्टी मागायला आला आहे.

"कुठे आहे तो फोटो?" मी विचारले.

"दुकान सोडताना सगळं रद्दीत घातलं, साहेब. ठेवायला जागा नव्हती."

मी माफी मागितली नाही. फोटो घेतले आणि निघून आलो. म्हणून ती माफी माझ्या मुलाने जाऊन मागावी, आणि आठवे कलम मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरीने उभे राहून वाचावे. एवढे तो करील. माझ्याविषयी वाईट वाचायला त्याला आवडेल.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, ते खरे आहे, आणि खालील दोघांच्या समोर मी सही केली आहे.

(सही) मृत्युपत्र करणारा
स्थळ: राहते घर, समोरची खोली. दिनांक: नऊ नोव्हेंबर.

साक्षीदार पहिला, पत्नीचा भाऊ, स्वतःच्या अक्षरात: वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणालो, म्हणून वाचलं. भावोजी पूर्ण शुद्धीवर आहेत. काच मी फोडली होती, ते बरोबर लिहिलंय. पण माझ्या बहिणीला हे वकिलाच्या तोंडून कळणार असेल तर मी तसं होऊ देणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतः सांगावं, नाहीतर मी सांगेन. (सही)

साक्षीदार दुसरी, शेजारच्या निवृत्त शिक्षिका: माझ्यासमोर सही झाली. (सही)

पुरवणी, दिनांक दहा नोव्हेंबर.

सांगितले. दुपारी, ती कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा. पेटीचे अस्तर उसवून पट्टी तिच्या हातात दिली. रद्दीत गेलेल्या फोटोचेही सांगितले. तिने पट्टी खिडकीशी धरून सगळे आकडे शेवटपर्यंत पाहिले. मग विचारले, "तुम्हाला कळलं तेव्हा ती तिथेच बसलेली होती?"

मी म्हणालो, "हो."

"मग परत काढायचे होते. बसली असती ती."

ती रडली नाही. उरलेल्या घड्या घातल्या, भावाला फोन करून बोलावून घेतले, पट्टी पर्समध्ये ठेवली आणि चपला घातल्या. कुठे जाणार ते मी विचारले नाही, कळत होते, कचेरी पाचला बंद होते. "मी येऊ का?" असे विचारले. ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

तेव्हा कलम आठमधील पट्टीबाबतची तरतूद रद्द समजावी. ती वस्तू आता माझ्या ताब्यात नाही. कलम नऊमधील माफी मुलाने मागण्याची गरज उरलेली नाही, ती मागायला माझी पत्नी गेली आहे. कलम सहाही रद्द करत आहे. माझा फोटो भिंतीवर लावायचा की नाही ते तिने ठरवावे.

(सही) मृत्युपत्र करणारा
स्थळ: तेच. साक्षीदार: दुसरी, शेजारच्या शिक्षिका (सही). पहिला साक्षीदार बहिणीबरोबर गेला आहे, परत आल्यावर सही करील.