एदुविहेसबाईंची कबर

शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

एर्मेलिंडा आपोन्ते सायास हिस,

सप्रेम स्मरण. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात तुला मी पूर्ण नावाने दोनदाच संबोधले: एकदा पाद्रीबाबांसमोर, आणि एकदा गेल्या फेब्रुवारीत इस्पितळाचा कागद भरताना. आज तिसऱ्यांदा तसे संबोधण्यास कारण आहे, ते पुढे येईल.

माझी प्रकृती ठीक आहे. परवा दिवसभर वीज नव्हती. परसातली तूर यंदा भरघोस आली आहे. तोमासा रोज टोपली घेऊन येते, ओसरीवर बसून शेंगा सोलते आणि मला बोलते. तुझी बहीण तुझ्यापेक्षा अधिक बोलते, हे तुला मान्य होतेच. नाताळला पानांत बांधून उकडायच्या पास्तेलेससाठी केळीची पाने तिने आताच कापून ठेवली आहेत. मी एकटा किती खाणार, असे विचारले तर म्हणाली, "भाऊजी, तुमच्यासाठी कोण करतंय? येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी करतेय."

येणाऱ्यांपैकी एकीविषयी लिहायचे आहे. सान हुआनची नाईमा रेकेना नावाची गायिका, वय सत्तावीस. तिची गाणी तरुण मुले गाडीच्या काचा थरथरेपर्यंत वाजवतात. ती यंदा नाताळच्या जुन्या गाण्यांची रेकॉर्ड काढते आहे. अशा रेकॉर्डविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. दर नोव्हेंबरात कुणीतरी तरुण मनुष्य आजोबांचे गाणे उचलतो, क्वात्रोच्या तारा बाजूला सारून यंत्राचे सूर घालतो आणि एकेक शब्द काकवीसारखा ओढतो. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर असे काही लागले आणि मी तो बंद करू लागलो, की तू म्हणायचीस, "अहो, गाणं म्हणजे काय तुमच्या वर्गातला फळा आहे? कुणाचा हात लागला की पुसलं जायला?"

ती मंगळवारी सकाळी आली. हातात पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ होता. मला वाटले, तुझ्याविषयी कुणी सांगितले असावे. मी आभार मानू लागलो, तर ती संकोचली.

"सर, ही एदुविहेसबाईंसाठी आहेत. तुमच्या लोकगीतांच्या पुस्तकातलं पान बावन्न. त्यांची कबर कुठंय?"

पान बावन्न तुला पाठ आहे. तरीही येथे उतरवतो.

सावकाश, धनी,
लाव सारी बटणं;
दहिवरात आम्हां
जमतं ताटकळणं.

त्याखाली: "पारंपरिक. एदुविहेस रोलोन, वय ८०, सेर्रो ओन्दो, यांच्या तोंडून, १९८१." आणि त्याखाली माझी टीप: "'धनी' म्हणजे मळ्याचा मालक. 'बटणे' हे सुखवस्तू वर्गाच्या आत्ममग्नतेचे प्रतीक होय."

नाईमा सांगत होती, की हे तिच्या रेकॉर्डचे मुख्य गाणे आहे. रेकॉर्ड ती एदुविहेसबाईंना अर्पण करणार आहे आणि गाण्याखाली त्यांचे नाव देणार आहे. तोमासाने शेंगांतून मान वर काढली.

"रोलोन? सेर्रो ओन्दोला रोलोन कोण, बाई? तिथं तर झाडून सगळे आम्ही आपोन्ते."

मी तिला कॉफी करण्यास सांगितले. नाईमाला सांगितले, की तिथली जुनी दफनभूमी दरडीखाली गेली. एर्मेलिंडा, हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले, की क्षणभर मला ती दरड दिसलीसुद्धा.

मग तिने फोन मेजावर ठेवून गाणे ऐकवले. शब्द ओढलेले होतेच. परंतु 'ताटकळणं'पाशी तिचा आवाज असा काही फाटला, की मी खुर्चीत सरळ बसलो. "तुमच्या टिपेमुळं उमगलं, सर," ती म्हणाली. "गरीब माणसं थंडीत उभी, आणि मालक मुद्दाम उशीर करतोय. मी गाताना दोनदा रडले."

त्याच वेळी तोमासा कपबशा घेऊन दारात आली आणि मोठ्याने हसली.

"अगं, हे तर भाऊजींच्या टायचं गाणं! पण तू रडतेस कशाला? माझ्या ताईनं जुळवलंय हे, ह्याच दारात! मी शेजारी उभी राहून ग्विरो घासत ताल धरत होते!"

नाईमा माझ्याकडे पाहू लागली. "पण सर, पुस्तकात तर…"

पुढचे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवले आहे. मी म्हणालो, "लोकगीत अनेक मुखांतून वाहत असते. माझ्या पत्नीने ते एदुविहेसबाईंकडूनच ऐकले असावे."

तोमासाने तबक मेजावर ठेवले, अर्धी सोललेली टोपली उचलली आणि ती निघून गेली. पाठोपाठ नाईमाही गेली. गुच्छ तिने माझ्यापाशी ठेवला, एदुविहेसबाईंच्या कुणा नातेवाइकाला द्यावा म्हणून. बुधवारी तोमासा आली नाही.

आता जे लिहिणे आहे ते क्रमाने लिहितो. १९७९ चा डिसेंबर. पर्रांदा, म्हणजे नाताळात अवेळी दारोदार गात फिरणारी मंडळी, आपल्याच घरावर आणायची, असे तुम्ही दोघी बहिणींनी ठरवले आणि वीस माणसांसह पहाटे बाहेर उभ्या राहून गाऊ लागलात. घरात मी एकटा होतो. शिक्षकाने कोट-टायवाचून दार उघडू नये, अशी माझी समजूत होती. टायची गाठ तीनदा चुकली. मी तुम्हांला बावीस मिनिटे दहिवरात उभे केले. माहीत असलेली सगळी गाणी संपल्यावर तू हे नवे रचलेस. शेवटच्या बटणावर माझा हात होता, दाराला मी कान लावला होता, आणि बाहेर वीस माणसे खो-खो हसत होती.

दोन वर्षांनी प्रबंधासाठी मला मौखिक परंपरेतली पंधरा कडवी हवी होती. चौदा मिळाली. पंधरावे मी तुझे घेतले, आणि नवे कडवे चालणार नाही म्हणून ऐंशी वर्षांची बाई जन्मास घातली. परीक्षकांनी नेमके तेच मोठ्याने वाचून दाखवले. पुढे पुस्तक छापून आल्यावर तू पान बावन्न वाचलेस. कच्ची केळी किसत होतीस. म्हणालीस, "म्हणजे मी ऐंशीची का? तोंडात दात तरी ठेवलेत की नाही मला?" आणि पुन्हा किसू लागलीस. ती तुझी संमती, असे मी धरून चाललो. चाळीसेक वर्षे धरून चाललो.

परंतु प्रबंध हे खरे कारण नव्हे. पुस्तकाच्या वेळी परीक्षक नव्हते. तुझे नाव घालण्यास मला कुणाचीही आडकाठी नव्हती. कारण असे, की तुझे नाव घातले असते तर धनी कोण, हे सगळ्या गावाला कळले असते. मळ्याचा मालक आणि सुखवस्तू वर्ग मी आणला तो केवळ त्या दारामागच्या माणसाला झाकण्यासाठी. तू मला हसलीस, याचा मला राग होता. तू किती मायेने हसलीस, हे त्या मुलीचे रडके गाणे ऐकेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही. तिने त्यातले हसू काढून टाकले होते, कारण ते आधी मी काढले होते.

बुधवारी दुपारी तोमासाकडे गेलो. तिने मला आत या म्हटले नाही. मी उंबऱ्यावरच माफी मागितली.

"पुस्तक मी कधी वाचलं नाही, भाऊजी. मला वाटायचं, तुम्ही ताईचं नाव घातलं असेल. सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, आमची ताई पुस्तकात आहे."

"चूक झाली, तोमासा."

"मला काय सांगताय? त्या पोरीला सांगा. मग जिचं घेतलंत तिला सांगा. आणि पूर्ण नाव घालून सांगा, नाव खायची सवय आहे तुम्हांला."

काल नाईमाला बोलावून घेतले. तिला तुझ्या कबरीपाशी नेले, तिचा गुच्छ तिच्या हाती दिला आणि उभ्यानेच सर्व सांगितले.

"दरडसुद्धा खोटी?"

"तीसुद्धा."

"अहो सर, त्या बाईंसाठी मेणबत्ती लावली होती मी घरी!" मग थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे हे गाणं दुःखाचं नाहीच?"

"नाही."

"कोट कसला होता?"

"तपकिरी. टाय निळा."

"डिसेंबरात? पहाटे? स्वतःच्या बायकोला दार उघडायला?" ती एवढी हसली, की पलीकडच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या बाईंनी वळून पाहिले. मग फुले ठेवून तिने ते कडवे तिथेच म्हटले, भरभर, थट्टेत. 'बटणं'वर थोडी अडखळली, जणू बोटे खरोखरच घसरली. तू तिथे अडखळत नव्हतीस. तरीही मी दुरुस्त केले नाही. सोमवारी ती गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करणार आहे. यंत्राचे सूर ठेवणार म्हणते. ठेवू दे. गाण्याखाली तुझे पूर्ण नाव येईल. स्पेलिंग मी स्वतः तपासून दिले आहे.

आज विद्यापीठाला हे सर्व कळवणारे पत्र टाकले. नंतर पालिकेच्या लोकगीत-दालनात गेलो, ज्याची देखरेख निवृत्तीपासून माझ्याकडे आहे. कपाटात पुस्तकाच्या एकसष्ट प्रती शिल्लक होत्या. प्रत्येकीत पान बावन्न उघडून एदुविहेसबाईंना शाईने खोडले आणि लिहिले: "एर्मेलिंडा आपोन्ते सायास, वय २७, आमच्या दारासमोर, डिसेंबर १९७९. टीप रद्द. धनी म्हणजे मी."

मग दालनाच्या देखरेखीचा राजीनामा दिला. तो वाचून महापौरांच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "मास्तर, चार ओळींसाठी एवढं?" मी म्हणालो, "होय, बाई. चारच आहेत."

तोमासा अजून रागावलेली आहे. पण संध्याकाळी तिची टोपली पुन्हा ओसरीवर दिसली.

तुला बाहेर ताटकळत ठेवणारा,
तुझा
एवारिस्तो

ता. क. दालनाच्या दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या चिटणीसबाईंकडे परत केल्या आणि पोच घेतली.