मावळतीकडे तोंड केलेला

अब्बा, तुम्ही गेलात त्याला आता चौदा वर्षं होतील. डोंगरातल्या ज्या घळीत तुम्ही खोदकामाचे मुकादम होतात, तिथंच मी नोकरी करते, हे तुम्हाला ठाऊक नाही. आता ते राखीव रान आहे. हरणं सोडलीत, गाफच्या झाडांना कुंपणं घातलीत, आणि शनिवारी दुबई-शारजाहून कुटुंबंच्या कुटुंबं माझ्या वर्कशॉपला येतात. सकाळी मी पोरांना वाळूवरचे ठसे वाचायला शिकवते, घोरपडीचा कुठला, कोल्ह्याचा कुठला. मग प्रत्येकाच्या हातात एक ब्रश आणि एक चाळण द्यायची, आणि आम्हीच आदल्या दिवशी पुरून ठेवलेली खापरं त्यांना शोधायला लावायची. सापडलं की पोरं हरखतात, आया सावलीतून फोटो काढतात. शेवटी सगळ्यांना कड्याखालच्या थडग्यांकडे न्यायचं. लोक खरं तर त्यासाठीच आलेले असतात.

थडगी तीच, हजारो वर्षांपूर्वीची, तुम्ही उघडलेली. हाडं कधीच म्युझियममध्ये गेली. जागेवर त्यांच्या प्रतिकृती आहेत, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजलेल्या. सगळ्यांची तोंडं उगवतीकडे, एकाचंच मावळतीकडे. फलकावर लिहिलं होतं की हा माणूस परमुलखातून आलेला असावा, वेगळ्या चालीरीतीचा. मी आवाज खाली आणून विचारायचे, हा एकटाच तिकडे का बघतोय? दंगा करणारी पोरंही पुढे सरकून वाकून बघायची. नऊ वर्षं मी हा प्रश्न विचारला, आणि उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तो दिवस अजून दिसतो: मी अकरा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी, अम्मी आजारी, म्हणून रास अल खैमाहून तुम्ही मला पिकअपमध्ये घालून कामावर आणलंय. आल्याआल्या मी एक लाल मणी उचलते आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारता. "ठेव गो तो जिथला तिथं. हलला की खलास, मग नुसता दगड." मी रडते, तेव्हा थर्मासच्या झाकणात ओतून, फुंकर मारून सुलेमानी चहा देता. दुपारी साहेब लोक शहरात गेले होते, मजूर गाफखाली जेवायला बसले होते. त्या कवटीवरची शेवटची माती तुम्ही स्वतः काढलीत; तिचंही तोंड बाकीच्यांसारखं उगवतीकडेच होतं. मग चपला काढल्यात. बिस्मिल्ला म्हणून दोन्ही तळहात तिच्याखाली सरकवलेत आणि ते डोकं हळूच वळवलंत, मावळतीकडे, मक्केच्या, किबल्याच्या दिशेला. माती पुन्हा भरून, थोपटून, वरून ब्रश फिरवलात. मी विचारलं, "हा मुसलमान होता?"

"मला काय ठाऊक? माणूस होता. किबल्याकडे अशी पाठ करून ठेवू काय त्याला?"

मला वाटलं, हेही कामातलंच असणार. दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोटो काढले आणि आपण दोघं ते विसरून गेलो. निदान मी तरी. नोकरी लागली, ट्रेनिंगची फाइल हातात आली, त्यात 'पश्चिमेकडे पाहणारा परका' वाचलं आणि ती दुपार आठवली. विचारायला तुम्ही राहिला नव्हतात. फलकाशेजारी मात्र तुमचा फोटो होता, आणि त्याखाली लिहिलेलं: ह्या खोदकामातले सगळ्यात जपून काम करणारे हात. तेव्हापासून ऊन कलतं झालं की त्या खड्ड्यात मला कवटी दिसत नाही, तिच्याखालचे तुमचे तळहात दिसतात. कधी पाठीमागे ब्रशचा आवाज येतो. वळून बघते तर पोरं केव्हाच बसमध्ये जाऊन बसलेली असतात.

मध्ये एका पुण्याच्या बाईंची लहान मुलगी म्हणाली, "मॅम, मेबी समबडी टर्न्ड हिम?" आई तिला म्हणाली, "अगं, असं कोण करेल? प्रोफेशनल लोक असतात ते." चोराच्या मनात चांदणं. मी हसून म्हटलं, यल्ला, चला, वॉटर ब्रेक. पण त्यानंतर महिन्याभरात हैदराबादच्या एक संशोधक बाई आल्या. ह्या एकाच थडग्यावर त्या लिहीत होत्या. जुने फोटो टेबलावर पसरून म्हणाल्या, "मॅडम, गर्दन के पास मिट्टी छेड़ी हुई लगती है. आपके फादर ने कभी कुछ बताया था?" गप्प बसले असते तर तो परका त्यांच्या पुस्तकात कायमचा छापला गेला असता. खरं सांगितलं असतं तर तुमचा फोटो उतरला असता, आणि तुम्ही उघडलेल्या एकूणएक थडग्यावर शंका आली असती. मी म्हटलं, "मैंने किया था. बच्ची थी, खेल रही थी. अब्बा नमाज़ को गए थे." उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या रागावल्यासुद्धा नाहीत, हसल्या आणि लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात नवा फलक लागला. खोदकामाच्या वेळी एका लहान मुलीच्या हातून कवटी हलली, असं आहे त्यावर. लोक वाचून हसतात. तुमचा फोटो जिथला तिथं आहे. अब्बा, सबंध आयुष्यात तुम्ही एकदा नियम मोडलात, तोही अनोळखी मेलेल्या माणसासाठी, आणि मी त्याची पोरखेळ म्हणून वासलात लावली. तुमची अब्रू राखली, असं सगळ्यांत आधी मी स्वतःलाच सांगितलं.

हे पत्र तुमच्या कबरीशी आणून वाचणार नाही, तेवढा धीर नाही. आणि ते अब्रू राखल्याचं खरंही नव्हतं, अब्बा. त्या बाईंनी विचारलं तेव्हा तुमची अब्रू माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. एवढ्या शिकलेल्या बाईसमोर मला तुमची लाज वाटली.