मास्तरांची हॉकीची काठी

मास्तर, काल संध्याकाळी मैदानावर एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला. दोघेही मिलमध्ये कामाला. तुमच्यामागे इथे खो-खो मीच शिकवतो, म्हणून मलाही आता मास्तर म्हणतात. बाप म्हणाला, "मास्तर, ह्ये तालमीत बी जातंय अन् हितं बी येतंय. भोंगा झाल्यावर अंगात जीव ऱ्हातोय किती? कुटलं सोडायचं, तुमीच सांगा." मुलगा खाली बघून एवढंच म्हणाला, "मला दोन्ही सोडवत न्हाईत."

मीही एकदा असाच तालमीतून थेट तुमच्यापुढे आलो होतो. तुम्ही माझा कान चोळून बोटाला लागलेली तांबडी माती मला दाखवली होती. "एक ना धड, भाराभर चिंध्या! एक काही तरी धर." त्या दिवसापासून मी कुस्ती सोडली. वस्तादांनी निरोप धाडले, तरी गेलो नाही. तुम्ही स्वतः मात्र पुण्याला कॉलेजात हॉकी, क्रिकेट, खो-खो, कुस्ती, सगळं खेळला होतात. त्याचा तुम्हाला पस्तावा होता का? हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

मग तुमचं ते शेवटचं आजारपण. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला आहात, काकू भाकरी थापताहेत, तुम्हाला मिळालेल्या चांदीच्या कपात हरभरे भिजत पडलेत. तुम्ही कणगीमागून हॉकीची काठी ओढून काढता आणि माझ्या हातात देता.

"मला हॉकी येत नाही, मास्तर."

"मग शीक की."

"घेऊन जा बाबा," काकू म्हणतात, "तेवढीच घरात जागा होईल."

तुम्ही हसता, आणि हसता हसता खोकला येतो. मी पाणी आणायला उठतो आणि विचारायचं राहून जातं. एकच धर म्हणणारे तुम्ही, आणि काठी देणारेही तुम्हीच. यातलं कोणतं मानायचं? की मला कुस्ती सोडायला लावली याचं तुम्हाला वाईट वाटत होतं? की खरोखरच घरात जागा हवी होती? मी पुष्कळ विचार केला, उलगडा होत नाही.

बाप उत्तरासाठी थांबला होता. शेवटी मी म्हणालो, "दोन्ही खेळू द्या. आमचे मास्तर हेच सांगायचे." मुलाने एकदम वर पाहिलं. बाप म्हणाला, "तुमचं मास्तर म्हणत असतील तर बरूबर आसंल." तुमचं नाव मी विचारल्याशिवाय वापरलं. बरोबर केलं की चूक, ते तुम्हालाच ठाऊक.

काठीला दर दिवाळीला आठवणीने तेल लावतो. हॉकी मात्र अजून येत नाही.