बासरीची पिशवी आणि माझे चौदा प्रश्न

प्रिय बयो,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. आत निघालं ते असं: तुझ्या मुंगीचे बूट एक जोड (एक नंबर मोठे, म्हणजे पुढचं वर्षही निघेल), तुझ्या बाबांचा चष्मा, माझ्या गुडघ्यांसाठी मलमाच्या दोन डब्या, आणि मुंगीचं नाव शाळेतून काढावं असा तुझ्या सहीचा अर्ज. वजन जास्त भरलं म्हणून टपालवाल्याने वरचे पंचवीस मोजून घेतले. मलमाची एकच डबी पुरली असती गं.

अर्ज मी बुधवारी जप आटोपून लगेच शाळेत नेऊन दिला. मोठ्या बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "आजी, तुमची नात दोन वर्षं इथे येते. तुम्ही फाटकापासूनच परत फिरता. काढायचीच आहे, तर निदान कशातून काढताय ते बघून जा. उद्या दिवसभर बसा." राग आला. पण देवाशपथ सांगते, मलाही बघायचंच होतं. घरी येऊन हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न काढले, ते चौदा झाले. तुझे बाबा म्हणाले, "शाळा बघायला चाललीस की झडती घ्यायला?"

शाळा म्हणजे तीन लांबलचक पत्र्याच्या शेड. पहिली एका सुताराची. मोठ्या बाई आधी दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवायच्या. तिथला एक मुलगा पाढे घडाघडा म्हणायचा, पण सहा जणांत दोन सफरचंदं कशी वाटायची विचारलं, तर म्हणाला, हे पुस्तकात नाही. बाई त्या दिवसापासून बेचैन. नोकरी सोडली, सुताराची रिकामी शेड भाड्याने घेतली आणि सात मुलं जमवली. सुतारानेच बाकं करून दिली, आणि आता तोच मुलांना लाकूडकाम शिकवतो. आज एकशे बारा मुलं आहेत आणि चाळीस नावं वाट बघतायत. म्हणजे मुंगीची जागा भरायला वेळ लागायचा नाही.

मुंगीच्या वर्गात मागे स्टुलावर बसले. पाढे म्हणायचे तर ही मुलं एका जागी बसत नाहीत. गोल धरून चालतात, दर तिसऱ्या पावलाला टाळी. मग मागे चालत तोच पाढा उलटा. मी बसल्या जागी पाय हलवत टाळ्या देत होते, तर शेजारून जाणारा एक पोरगा म्हणाला, "आजी, तुमची टाळी चुकली." नंतर चित्रं. कागद आधी पाण्यात भिजवायचा आणि वर फक्त दोन रंग, पिवळा आणि निळा. मी कुजबुजले, कागद वाया जातोय की. मुंगीच्या वर्गाच्या ताई म्हणाल्या, "हिरवा रंग आम्ही विकत आणत नाही, आजी. तो मुलांना सापडतो." काटकसर म्हणून मला ते एकदम पटलं.

मग मोठ्या बाईंपुढे वही उघडली. पहिला प्रश्न, सात वर्षांची झाली तरी वाचता का येत नाही? म्हणाल्या, गोष्ट ऐकून ती जशीच्या तशी सांगता येते का तिला? येते, मी म्हटलं, माझ्या चुकांसकट सांगते. मग वाचनही येईल, म्हणाल्या, कान तयार झालेत, अक्षरं आता चित्रांतून येतायत. सगळं पटलं असं नाही. सातवा प्रश्न, मार्क नाहीत तर कळतं कसं? त्यांनी कपाटातून एक पान काढलं. वर्षाच्या शेवटी मार्कांऐवजी ताई प्रत्येक मुलावर एक पान लिहितात. मुंगीच्या पानावर होतं, 'ही मुलगी रांगेत शेवटी चालते, कारण कोणी मागे राहिलं का ते तिला बघायचं असतं.' बयो, दोन वर्षं मी तिला "पाय उचल गं, गोगलगाय" म्हणत आले. पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच गेले.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ मी घातला तो शुक्रवारी. शाळेत रंगकाम म्हणून सुट्टी होती आणि मुंगी आपलं विणकाम घरी घेऊन आली होती. प्रत्येक मूल स्वतःच्या बासरीसाठी पिशवी विणतं. ती खेळायला गेल्यावर मी टाके मोजले. एका ओळीत चोवीस, पुढच्या ओळीत एकवीस, मग सव्वीस, मध्ये बोट जाईल एवढं भोक. ताळा न जुळणारी गोष्ट माझ्याने बघवत नाही, तुला ठाऊक आहे. शनिवारी सगळ्यांपुढे दाखवायची होती. पोरीचं हसं नको म्हणून मी ती मुळापासून उसवली आणि दुपारभरात चोवीस टाक्यांची सरळसोट विणून ठेवली. लोकरही वीतभर वाचली. मुंगीने पाहिलं, हात फिरवला आणि दप्तरात ठेवली. मला वाटलं, आवडली.

शनिवारी आई-बाबा, आजी-आजोबा सगळे जमलो. मला वाटलं होतं मुलं आपापलं छान काम दाखवतील. पण तिथली रीत वेगळीच. प्रत्येकाने उठून आपलं कुठे चुकलं ते दाखवायचं आणि ते कसं शोधून काढलं ते सांगायचं. एकाने आपलं तिरकं स्टूल डुगडुगवून दाखवलं, एकीने चित्रातला फाटका कोपरा. मुंगीची पाळी आली. तिने माझी पिशवी वर धरली आणि म्हणाली, "हे माझं नाही. माझ्यात भोक होतं. ते कसं पडतं ते मला सापडलं होतं. पण आता दाखवता येत नाही." आणि खाली बसली. रडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

माझे कान तापले. पण गप्प बसवेना. उठले आणि म्हटलं, चूक माझी आहे, मी उसवली. मग काय, पोरांनी मला घेरलंच. "का उसवली?" "तिला विचारलं का?" "आजी, तुम्हाला भोक पाडता येतं का?" मी म्हटलं, नाही बाई, ते कधी शिकलेच नाही. तेव्हा मुंगी पहिल्यांदा हसली. तिथेच सुया घेऊन तिने मला दाखवलं, टाका सुईवरून निसटला आणि दोन ओळी कळलं नाही की खाली शिडीसारखा कसा उसवत जातो. चाळीस वर्षं विणतेय मी, पण सुटलेला टाका दिसला की चटकन उचलायचा एवढंच माहीत. तो पुढे जातो कुठे, हे कधी थांबून पाहिलं नव्हतं. आता माझी पिशवी उसवून तीच लोकर धुऊन, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून वाळत घातली आहे. पिशवी ती पहिल्यापासून विणणार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. एवढ्या मुलांपुढे एक चूक सांगितली, पण दुसरी तिथे सांगण्यासारखी नव्हती, ती तुलाच सांगायची आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मुंगी रोज शाळेत जाताना रडते. बयो, ती एकही दिवस रडलेली नाही. ते मी खोटं लिहिलं. तुझ्या फोटोत गळ्याची हाडं दिसली, आणि फीसाठी तू प्रयोगशाळेत दोन-दोन पाळ्या करतेस हे दुसऱ्याकडून कळलं. झेपत नसेल तर फी थांबव, असं सरळ लिहिलं असतं तर तू ऐकलं नसतंस. पोरीचं रडणं लिहिलं आणि तू लगेच सही केलीस. मुंगी तिथे सुखात आहे आणि तू खंगते आहेस, हे दोन्ही खरंच आहे. एक लपवून दुसरं तुझ्याकडून करून घ्यायचा मला अधिकार नव्हता. आता खरं ऐकून तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही. मोठ्या बाईंनी अर्ज वीस तारखेपर्यंत खणात ठेवलाय, नंतर जागा दुसऱ्या मुलाची. तेव्हा काय ठरवतेस ते उलट टपाली कळव, आणि रोज किती तास झोपतेस तेही लिही, खरं.

तुझीच,
आई